सुईची भीती हे कारण सहसा नसतंच

मानेवाड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: बाबा ६१ वर्षांचे, शुगर १४ वर्षांपासून. गोळ्या चालू असूनही एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) १०.८ आलं, तेव्हा डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू केलं. दीड महिना त्यांनी नीट घेतलं. मग एकेक डोस सुटायला लागला आणि आता मनाला येईल तेव्हा घेतात. विचारलं की म्हणतात, 'मले बरं वाटून राहिलं, कायले टोचू?' आई रागावते, भाऊ ओरडतो, उपयोग होत नाही. सुईची भीती कशी घालवायची?

ताई, बाबांना सुईची भीती असती तर त्यांनी दीड महिना इन्सुलिन घेतलंच नसतं. भीती असते ती पहिल्या आठवड्यात. नागपुरात वीस वर्षांहून जास्त काळ मी मधुमेहाचे रुग्ण पाहतो आहे. सुरू केलेलं इन्सुलिन 'दुखतं' म्हणून सोडणारे त्यात मोजकेच भेटले. हल्ली इन्सुलिन टोचायच्या पेनची सुई चार मिलिमीटरची येते, केसासारखी बारीक. शुगर तपासायला बोटाला टोचतात ते याहून जास्त दुखतं. तेव्हा भीती घालवण्याच्या मागे लागू नका. दीड महिना उलटल्यावर त्या दिवसांत काय घडलं, ते शोधा. काहीतरी घडलेलं असतं, आणि घरच्यांना ते सहसा माहीत नसतं.

इतवारीत ठोक किराण्याचं दुकान असलेले एक काकाजी माझ्याकडे यायचे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगतो. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी असं दोन वेळचं मिश्र इन्सुलिन त्यांना मीच दिलं होतं. शुगर कधी १४०, कधी ३२०. दर भेटीत मी विचारायचो, 'इन्सुलिन घेता ना?' ते म्हणायचे, 'घेतो ना साहेब.' त्यांच्या फाइलवर मी 'सल्ला पाळत नाहीत' असं लिहून ठेवलं होतं. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. एकदा ते वहीत लिहून आणलेल्या शुगरी दाखवत होते आणि माझ्या लक्षात आलं की रविवारचे आकडे चांगले आहेत, बाकीचे नाहीत. मी विचारलं, 'रविवारी घेता, मग सोमवारी का नाही?' ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी सांगितलं.

लग्नसराईचे दिवस होते, दुकानात गर्दी होती. एकचा डबा तसाच बंद होता. दीडच्या सुमारास हात थरथरायला लागले, शर्ट घामानं भिजला, समोरच्या बिलावरचे आकडे दिसेनात. गिऱ्हाइकाला त्यांनी भलतेच पैसे परत केले. नोकर पोरगा बघत होता. गल्ल्याजवळ संत्रा बर्फीचा डबा होता, त्यातून दोन-तीन वड्या तोंडात कोंबल्या, तरी बराच वेळ डोकं ठिकाणावर आलं नाही. 'चाळीस वर्षांत हिशेबात चूक नाही केली मी,' ते म्हणाले, 'त्या पोरासमोर झाली.' त्या दिवसापासून दुकान उघडं असेल त्या दिवशी सकाळचा डोस बंद. रविवारी घरी असतात, जेवण वेळेवर होतं, म्हणून घेतात.

या माणसाला अडाणी किंवा हट्टी कसं म्हणायचं? आपल्या शरीरावरून त्यांनी बरोबर निष्कर्ष काढला होता. मिश्र इन्सुलिनच्या बाटलीवर ३०/७० लिहिलेलं असतं. त्यातला सत्तर टक्के भाग संथ. सकाळी टोचलं की त्याचा जोर साधारण चार तासांनी चढतो आणि पुढे कित्येक तास टिकतो. म्हणजे दुपारचं जेवण वेळेवर झालंच पाहिजे, अशी अट घालूनच हे इन्सुलिन येतं. दुकानदार, एसटीचा ड्रायव्हर, हिंगणा एमआयडीसीत पाळी बदलत काम करणारा कामगार, यांच्या दिवसात ही अट बसत नाही. मी औषध लिहून दिलं, पण त्यांचा दिवस कसा जातो हे विचारलं नाही. चूक माझी होती. रात्री एकदा घ्यायचं, चोवीस तास सारखं चालणारं इन्सुलिन आणि सोबत गोळ्या, असं बदलून दिल्यावर त्यांचे डोस चुकणं जवळपास थांबलं. तोच माणूस, तीच सुई.

शुगर ७०च्या खाली गेल्याचा असा एक अनुभव माणूस विसरत नाही. रात्री आला तर त्याची दहशत आणखी मोठी असते. घामानं जाग येते, छातीत धडधडतं, हार्ट अटॅकच आला असं वाटतं. याउलट शुगर २५० असली तर काहीच दुखत नाही. म्हणजे इन्सुलिन चुकवल्याची शिक्षा दहा वर्षांनी डोळ्यांवर, किडनीवर, पायांवर दिसणार, आणि घेतल्याची शिक्षा आज दुपारी दीड वाजता. बाबा 'बरं वाटून राहिलं' म्हणतात ते खोटं नाही. त्यांना खरंच बरं वाटत असणार. 'शुगर वाढली तर असं होईल, तसं होईल' हे त्यांना कितीही वेळा सांगितलं तरी ते कानावरून जातं, ते याच कारणानं.

दुसरं कारण आमच्याच टेबलावर तयार होतं. 'गोड बंद करा, फिरायला जा, नाहीतर इन्सुलिन लावावं लागेल.' हे वाक्य मी स्वतः पहिली पाच-सात वर्षं सर्रास वापरलं. माणसाला धाक बसतो, तो महिनाभर फिरायला जातो, आम्हाला बरं वाटतं. पण धाक म्हणून दहा वर्षं दाखवलेली गोष्ट अकराव्या वर्षी औषध म्हणून हातात दिली, तर तो ती शिक्षा समजूनच घेतो. 'आपण नापास झालो' ही भावना इतकी पक्की असते की इन्सुलिन सुरू झाल्याचं लोक सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. २००१ साली १३ देशांत रुग्ण आणि डॉक्टर यांची एक मोठी पाहणी झाली होती, त्यात भारतही होता. इन्सुलिन लागलं तर तो आपलाच दोष, असं मानणारे रुग्ण तेव्हा सगळीकडे सापडले. आणि इन्सुलिन लांबणीवर टाकणाऱ्यांत डॉक्टरही होतेच.

मी आता पहिल्याच भेटीत सांगतो. टाइप टू, म्हणजे बहुधा मोठ्या वयात होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाचं निदान होतं तेव्हाच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची साधारण निम्मी ताकद गेलेली असते. इंग्लंडमध्ये वीस वर्षं चाललेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातून हा अंदाज पुढे आला. पुढची वर्षं ती हळूहळू घटतच जाते, पथ्य पाळणाऱ्याचीही. चौदा वर्षांनी इन्सुलिन लागलं तर त्यात तुमच्या बाबांनी काही गुन्हा केलेला नाही. हे त्यांना कुणी स्पष्ट शब्दांत सांगितलंय का? नसेल तर तुम्ही सांगा, आणि आईसमोर सांगा. कारण 'तुम्हीच तोंडावर ताबा ठेवला नाही' हे घरात बहुधा रोज ऐकू येत असेल.

'इन्सुलिनची सवय लागते' याचं उत्तर सोपं आहे. ते बाहेरचं रसायन नाही, सगळ्यांच्याच शरीरात ते जन्मापासून असतं. कमी पडतं म्हणून वरून द्यायचं. 'किडनी खराब होते' ही समजूत मात्र थोडं थांबून समजून घ्यायला हवी, कारण ती लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्यावर उभी आहे. मोठ्या काकांना इन्सुलिन लागलं आणि दोन वर्षांत डायलिसिसवर गेले, हे अख्ख्या घरानं पाहिलेलं असतं. घडतं असं की पंधरा वर्षं शुगर वाढलेली राहते, किडनी आतून झिजत असते, आणि इन्सुलिन सुरू होतं ते अगदी शेवटी. दोन गोष्टी मागोमाग आल्या की पहिलीमुळे दुसरी झाली असं वाटणारच. त्यात आणखी एक भर: इन्सुलिनचा निचरा काही अंशी किडनीतून होतो. किडनी मंदावली की तेच इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, तोच डोस भारी पडतो, शुगर एकदम खाली जाते. म्हणजे बिचारं इन्सुलिन दोन्हीकडून बदनाम. बाबांच्या मनात असा कुणी काका, मामा आहे का, ते विचारून पाहा.

'मले इन्सुलिन लागूच नाही होत' असं म्हणत जे सोडतात, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या हातातली वस्तूच आधी तपासायला हवी असते. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली सहसा मिलिलिटरला ४० युनिटची मिळते, तिची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. औषधाच्या दुकानातून चुकीची सिरिंज आली, ४०च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजच्या वीसच्या रेषेपर्यंत औषध ओढलं, तर पोटात फक्त ८ युनिट जातात. महिनोन्महिने २० घेतोय असं समजून ८ घेणारे लोक मी पाहिलेत. आणि उलटी चूक जिवावर बेतते: पेनमध्ये बसणाऱ्या, मिलिलिटरला १०० युनिटच्या कार्ट्रिजमधून (औषधाच्या नळीतून) लाल सिरिंजनं वीसपर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजनं औषध कधीही काढू नका.

मग गाठी. पोटावर त्याच जागी रोज टोचलं की तिथे चरबीची मऊसर गाठ तयार होते. त्या जागी दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो आणि तिथून औषध कधी शोषलं जातं, कधी नाही. शुगर आज १३०, उद्या ३००. मी प्रत्येकाला शर्ट वर करायला सांगतो आणि बोटांनी पोट चाचपतो. दोन मिनिटांचं काम आहे. गाठ सापडली तर जागा बदलायची, पण डॉक्टरांना विचारून डोस थोडा कमी करून, कारण चांगल्या जागेवरून तोच डोस पूर्ण शोषला जातो आणि शुगर घसरते.

तिसरा आपला उन्हाळा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, उघडलेलं साधारण ३० अंशांच्या आत महिनाभर टिकतं. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ आणि पत्र्याच्या घरात संध्याकाळपर्यंत भट्टी. स्कूटरच्या डिक्कीत दुपारभर राहिलेली बाटली दिसायला तशीच दिसते, पण तिच्यातला जोर गेलेला असतो. फ्रीज असेल तर दाराच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या खणाला चिकटवून कधीच नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. फ्रीज नसेल तर मातीचं मडकं घ्या, त्यात थोडी वाळू टाकून ती ओली ठेवा, बाटली बंद डब्यात घालून आत ठेवा आणि मडकं सावलीत, हवेशीर जागी. उमरेड, काटोलकडच्या खेड्यांतले माझे कितीतरी रुग्ण याच मडक्यावर नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, काढतात. मिश्र इन्सुलिन दुधाळ असतं. ते तळहातांत हलकेच दहा-वीस वेळा फिरवून एकजीव करायचं. तळाशी साका राहिला तर डोस एक दिवस पातळ आणि एक दिवस घट्ट जातो.

प्रश्न बाबांबद्दल आहे, पण बायकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यांचं इन्सुलिन घरातच हरवतं. महालक्ष्म्यांचे तीन दिवस घ्या. दुसऱ्या दिवशी पहाटे चारपासून पुरण, आंबील, सोळा भाज्या. नैवेद्य होईपर्यंत घरची बाई तोंडात पाणीही घालत नाही, पंगती उठेपर्यंत चार वाजतात. तिनं सकाळी इन्सुलिन कसं टोचायचं? टोचलं तर चुलीसमोर भोवळ. मग ती त्या दिवशी सोडते, दुसऱ्या दिवशी थकव्यात राहून जातं, आणि एकदा मोडलेली सवय महिनाभर जुळत नाही. नवऱ्याचा डोस मात्र ती घड्याळ पाहून देत असते. मी आता श्रावणातच विचारून ठेवतो: उपवास कोणते, महालक्ष्म्या तुमच्या घरी असतात का, जेवायला किती वाजतात? रमजानच्या रोज्यांआधीही हेच विचारतो. त्या दिवसांचा डोस वेगळा लिहून देता येतो. 'उपास करू नका' असं सांगून कुणीही उपास सोडत नाही, फक्त आम्हाला सांगणं सोडतात.

पैशाचं थोडक्यात. १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात. दिवसाला ४० युनिट लागत असतील तर बाटली दहा दिवस जाते, म्हणजे महिन्याला तीन. पेन सोयीचं, पण महाग, आणि शुगर तपासायच्या पट्ट्यांचा खर्च कुणी आधी सांगत नाही. पैसे संपत आले की माणूस डोस निम्मा करतो आणि ते सांगायला लाजतो. परवडत नसेल तर स्पष्ट बोला. बाटली-सिरिंजवाल्या साध्या इन्सुलिननंही शुगर नीट राखता येते, आणि सरकारी रुग्णालयातून ते मिळवता येतं.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगतो. वर लिहिलेलं सगळं टाइप टू मधुमेहाचं. लहान वयात होणाऱ्या टाइप वनमध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ नसतंच. तिथे एक-दोन दिवस बंद केलं तरी रक्तात आम्ल साठून जीव जाऊ शकतो. लग्न जमवताना लपवण्यासाठी मुलीचं इन्सुलिन थांबवणारे आईवडील मला भेटले आहेत. उपवास, परीक्षा, लग्न, ताप, उलट्या, काहीही असो, ते पूर्ण बंद करायचं नाही.

वर्षानुवर्षं नीट घेणारे लोक कोण असतात, हेही मी पाहत आलो आहे. फार शिकलेले किंवा फार घाबरणारे, असं काही नाही. इन्सुलिनचा फायदा ज्यांना स्वतःच्या अंगात जाणवला, ते घेतात. रात्री पाच वेळा लघवीला उठणारा माणूस एकदाच उठून सहा तास झोपला, की त्याला व्याख्यान द्यावं लागत नाही. म्हणून मी सुरुवातीलाच विचारून ठेवतो, सध्या तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, आणि महिन्यानं त्याच गोष्टीबद्दल पुन्हा विचारतो. डोस दोन युनिटनं कधी वाढवायचा, कधी कमी करायचा, हे ज्यांना नीट शिकवलं गेलं, ते घेतात, कारण मग लगाम त्यांच्या हातात असतो. ज्यांनी डोस रोजच्या एखाद्या कामाला बांधला, ते घेतात. कामठीच्या एका आजींचं इन्सुलिन देवघरातल्या निरांजनाशेजारी ठेवलेलं असतं, दिवा लावला की सुई. आणि ज्यांच्या घरात कुणी पोलिस नसतो, ते घेतात. 'घेतलं का? घेतलं का?' असं विचारत राहिलं की माणूस 'हो' म्हणायला शिकतो.

आता तुमच्या बाबांकडे येऊ. एखाद्या निवांत सकाळी, भाऊ आणि आई जवळ नसताना, त्यांच्याशी बोला. 'का घेत नाही' असं विचारू नका. 'बाबा, आठवड्यातून किती वेळा राहून जातं?' असं विचारा. राहून जाणं गृहीत धरलं की खरं सांगणं सोपं होतं. मग विचारा, कधी घाम फुटून थरथर झाली का, रात्री दचकून जाग आली का, कुणासमोर फजिती झाली का. काही निघालं तर तिथे समजावू नका, फक्त ऐकून घ्या. वजन वाढलं का तेही विचारा. लघवीवाटे जाणारी साखर थांबली की काही किलो वाढतात, आणि पँट घट्ट झाली म्हणूनही लोक सोडतात.

मग चार-पाच दिवस एका वहीत लिहा: उठले कधी, नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण किती वाजता, डोस घेतला की नाही, आणि जमेल तेव्हा शुगर. चुकलेले डोसही खरे लिहा. ती वही, इन्सुलिनची बाटली किंवा पेन, सिरिंज आणि चालू गोळ्या, सगळं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. बाबांना त्यांच्यासमोर टोचून दाखवू द्या. विचारा: यांच्या जेवणाच्या वेळेला हे इन्सुलिन जुळतं का, दिवसातून एकदा घेण्याचं काही जमेल का, इन्सुलिनसोबत शुगर एकदम खाली नेणारी एखादी गोळी चालू राहिली आहे का, किडनीची तपासणी अलीकडची आहे का. 'हे कायमचं का?' असं बाबा विचारतील. चौदा वर्षांनंतर बहुधा कायमचंच, असं खरं सांगायचं. काही जणांची शुगर आटोक्यात आल्यावर डोस बराच उतरतो, हेही खरं आहे.

तोवर मनानं डोस वाढवू नका. इतके दिवस निम्मेच डोस गेले असतील आणि उद्यापासून सगळे पूर्ण गेले, तर शुगर झपकन खाली येऊ शकते. सुरुवात किती युनिटनं करायची ते फोनवर डॉक्टरांना विचारून घ्या. ग्लुकोजची पुडी एक बाबांच्या खिशात, एक उशाशी ठेवा. थरथर सुटली तर तीन-चार चमचे पाण्यात घालून प्यायचं, पंधरा मिनिटांनी शुगर पाहायची, वर आली की पोळीचा तुकडा किंवा दूध घ्यायचं. बर्फी-पेढा नको, त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. आणि शुगर ३००च्या वर राहून उलट्या, धाप किंवा गुंगी आली, तर वही पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.